अन्यायाची साक्ष देणारी गायिका : बिली हॉलिडे

घरातले माणूस गेले म्हणजे रडणे आलेच. शेजारीपाजारी येतात, चार शब्द बोलतात, दिवस जातात आणि घर पुन्हा कामाला लागते. परंतु गेलेला माणूस केवळ आजाराने गेला नसेल, त्याच्या जन्मामुळे दवाखान्याच्या दारातून त्याला परत लावले म्हणून गेला असेल, तर त्या घरचे रडणे निराळे असते. त्यात शोक असतो तसा संतापही असतो. तो संताप कोणापुढे मांडावा? कोर्टात दाद नाही, सरकारदरबारी ऐकणारा नाही. अशा वेळी बहुतेक माणसे मुकाट्याने सोसतात. अमेरिकेतील एका काळ्या मुलीने आपल्या बापाच्या अशा मरणाचे दुःख वीस वर्षे लोकांपुढे गाऊन मांडले. तिचे नाव बिली हॉलिडे. तिचे आयुष्य म्हणजे केवळ एका नामवंत गायिकेचे चरित्र नव्हे. शोकाची साक्ष कशी होते, आणि ती साक्ष देणाऱ्याला समाज काय देतो, हे दोन्ही त्यात दिसते. म्हणून ते आपण समजून घेतले पाहिजे.

जन्म आणि बालपण

७ एप्रिल १९१५ रोजी फिलाडेल्फिया शहरात तिचा जन्म झाला. मूळ नाव एलिनोरा फेगन. आई सेडी त्या वेळी एकोणीस वर्षांची होती आणि बाप क्लॅरेन्स हॉलिडे तिच्याहूनही लहान होता. दोघांनी संसार मांडला नाही. क्लॅरेन्स गिटार वाजवीत असे. वाद्यवृंदाबरोबर तो गावोगाव फिरू लागला आणि मायलेकी मागे राहिल्या.

एलिनोराचे बालपण बाल्टिमोर शहरातील काळ्यांच्या गरीब वस्तीत गेले. आई पोटासाठी कामाला बाहेर जाई आणि मूल नातेवाईकांच्या ओसरीवर वाढे. शाळा बुडू लागली. शाळेत जात नाही म्हणून वयाच्या नवव्या वर्षी कोर्टाने तिला मुलींच्या सुधारगृहात पाठविले. पुढे ती अकरा वर्षांची असताना एका शेजाऱ्याने तिच्यावर अत्याचार केला. गुन्हा त्याचा, पण साक्षीदार म्हणून पुन्हा कोंडले गेले ते तिलाच, त्याच सुधारगृहात. शिक्षण तेथेच संपले.

बाल्टिमोरमध्ये गोऱ्या लोकांच्या घरांना पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या असत. त्या पायऱ्या घासून चार पैसे मिळविण्याचे काम ती करी. वस्तीतील एका कुंटणखान्यात ती वरकाम करी, निरोप पोचवी. त्या बदल्यात पैशांपेक्षा तिला एकच गोष्ट हवी असे. दिवाणखान्यातील ग्रामोफोन ऐकायला मिळावा. लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथ या थोर काळ्या कलावंतांच्या तबकड्या तिने तेथे ऐकल्या. तिला गुरू मिळाले ते असे. संगीताची शाळा तिने कधी पाहिली नाही आणि स्वरलिपी वाचायलाही ती शिकली नाही.

१९२९ च्या सुमारास मायलेकी न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीत आल्या. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली. काळ्या माणसाला कामावर सर्वात शेवटी घेत आणि सर्वात आधी काढीत. उपासमारीत आईने आणि नंतर मुलीनेही देहविक्रयाचा मार्ग धरला. चौदाव्या वर्षी पोलिसांनी तिला पकडले आणि तिने तुरुंग पाहिला. मोठी झाल्यावर तिने हे लपविले नाही. १९५६ साली आलेल्या आपल्या आत्मचरित्रात तिने ते मोकळेपणाने सांगितले. दारिद्र्यात आणि वर्णभेदात सापडलेल्या मुलीला किती वाटा बंद असतात, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांनाच तिच्यावर बोट रोखण्याची घाई होईल.

आवाज सापडला

१९३० च्या सुमारास ती हार्लेममधील लहान लहान दारूगृहांत गाऊ लागली. नाव स्वतःच ठेवले. बिली डव्ह नावाची एक चित्रपटातील नटी तिला आवडत असे, तिचे बिली घेतले. आणि जो बाप कधी जवळ राहिला नाही त्याचे हॉलिडे हे आडनाव घेतले. बापाने टाकले, तरी मुलीने त्याला टाकले नाही.

तिचा आवाज मोठा नव्हता. फार वर चढत नसे, फार खाली उतरत नसे. पण शब्द तालाच्या किंचित मागे ठेवून ती अशी गाई, की साधे प्रेमगीतही ऐकणाऱ्याला आपल्याच घरातली गोष्ट वाटावी. १९३३ साली जॉन हॅमंड या संगीतपारख्याने तिला ऐकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाबरोबर तिची पहिली तबकडी निघाली. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. १९३५ पासून टेडी विल्सन या पियानोवादकाबरोबर तिने पुष्कळ गाणी गायिली. तबकड्या खपत. तिला मात्र एकदाच ठरलेली रक्कम मिळे. पुढच्या खपावरचा हिस्सा, ज्याला रॉयल्टी म्हणतात, तो तिच्या वाट्याला येत नसे. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग हा तिचा जिवाभावाचा मित्र. त्याने तिला लेडी डे हे मानाचे नाव दिले आणि तेच जगभर रूढ झाले.

डॅलसमधील मृत्यू

१ मार्च १९३७ रोजी क्लॅरेन्स हॉलिडे टेक्सास राज्यातील डॅलस शहरात मरण पावला. वाद्यवृंदाबरोबर तो दक्षिणेच्या दौऱ्यावर होता. चाळिशीही झालेली नव्हती.

बिलीने आत्मचरित्रात सांगितलेली हकीकत अशी : पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून गेलेल्या क्लॅरेन्सची फुप्फुसे विषारी वायूने दुबळी झाली होती. दौऱ्यात थंडी लागून त्याला न्यूमोनिया झाला. एकामागून एक दवाखाने त्याने पालथे घातले, पण काळ्या माणसाला कोणी आत घेईना. शेवटी सैनिकांच्या दवाखान्यात, तेही काळ्यांसाठी राखलेल्या वेगळ्या विभागात, जागा मिळाली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. ज्या देशासाठी तो लढायला गेला, त्या देशाच्या दवाखान्यांना त्याचा रंग अडचणीचा वाटला. त्याला न्यूमोनियाने मारले नाही, डॅलसने मारले, असे त्याच्या मुलीचे म्हणणे होते.

येथे अमेरिकेची त्या काळची स्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली होती. परंतु त्यानंतर दक्षिणेकडील राज्यांनी वेगळेपणाचे कायदे केले. शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा, दवाखाना वेगळा. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने या वेगळेपणावर शिक्कामोर्तब केले. वेगळ्या कपबशीचा अर्थ ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना या कायद्यांचा अर्थ फोड करून सांगायला नको.

आणि जो काळा माणूस ही मर्यादा ओलांडी, किंवा ओलांडल्याचा नुसता संशय येई, त्याच्यासाठी लिंचिंग होते. लिंचिंग म्हणजे कोर्टकचेरी न करता जमावाने माणसाला पकडून ठार मारणे. बहुधा झाडाला फास लावून. टस्कीगी या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेने ठेवलेल्या नोंदींप्रमाणे १८८२ ते १९६८ या काळात ४,७४३ माणसे अशी मारली गेली. त्यांतील ३,४४६ काळी होती. नोंद झाली नाही अशी किती, ती वेगळीच. ही हत्या पाहायला लोक बायकामुलांसह जमत, छायाचित्रे काढीत आणि त्यांची पोस्टकार्डे करून नातेवाइकांना पाठवीत.

मालाच्या उद्वाहकातून

बाप गेला त्याच वर्षी बिली काउंट बेसी यांच्या काळ्यांच्या वाद्यवृंदात गाऊ लागली. डेट्रॉइटच्या एका नाट्यगृहात असा प्रसंग घडला, की तिचा वर्ण उजळ असल्याने दिव्यांच्या प्रकाशात ती गोरी बाई वाटेल आणि काळ्या पुरुषांच्या मेळ्यात गोरी बाई पाहून प्रेक्षक खवळतील, अशी भीती व्यवस्थापकांना वाटली. त्यांनी तिला तोंडाला काळा रंग फासायला लावला.

१९३८ साली ती आर्टी शॉ यांच्या गोऱ्या वाद्यवृंदात गेली. गोऱ्या वाद्यवृंदाबरोबर दौरे करणाऱ्या पहिल्या काही काळ्या गायिकांपैकी ती एक. वादक सोबती चांगले होते, पण रस्ता तसा नव्हता. हॉटेलात जेवण नाही, निजायला खोली नाही, स्वच्छतागृह नाही. शेवटी न्यूयॉर्कमधील एका मोठ्या हॉटेलात, जेथे तिचेच गाणे ऐकायला लोक पैसे मोजून येत, तेथे तिला पाहुण्यांच्या उद्वाहकातून जाऊ नको, माल नेण्याच्या उद्वाहकातून जा, असे सांगण्यात आले. तिने तो वाद्यवृंद सोडला. पोटाचा प्रश्न होताच, पण स्वाभिमानाचाही होता.

शिक्षकाची कविता

आता या कथेत एक शाळामास्तर येतात. त्यांचे नाव एबेल मीरोपोल. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील डेविट क्लिंटन हायस्कूलमध्ये ते शिकवीत. जन्माने ज्यू. वंशद्वेषाचा अर्थ त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्यांनी एका लिंचिंगचे छायाचित्र पाहिले आणि ते त्यांच्या मनातून जाईना. ते छायाचित्र बहुधा इंडियाना राज्यातील मॅरियन गावचे होते, असे मानले जाते. ७ ऑगस्ट १९३० च्या रात्री तेथील तुरुंग फोडून जमावाने टॉमस शिप आणि एब्रम स्मिथ या दोन काळ्या तरुणांना बाहेर ओढले आणि झाडाला फासावर दिले. त्यांच्याबरोबरचा जेम्स कॅमेरॉन हा सोळा वर्षांचा मुलगा कसाबसा वाचला. छायाचित्रात वर दोन देह लोंबत आहेत आणि खाली माणसे जत्रेला आल्यासारखी उभी आहेत. एक जण बोटाने वर दाखवितो आहे. त्या छायाचित्राच्या हजारो प्रती विकल्या गेल्या. शिक्षा मात्र एकालाही झाली नाही. इंडियाना हे दक्षिणेतील राज्य नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मीरोपोल यांनी यावर एक लहानशी कविता लिहिली. दक्षिणेचा सुंदर, सुगंधी प्रदेश आणि तेथील झाडांना लागलेले हे भयंकर फळ, अशी तिची कल्पना. कवितेत कोठेही घोषणा नाही, उपदेश नाही, मागणी नाही. जे दिसले तेवढे सांगितले आहे. १९३७ साली शिक्षकसंघाच्या मासिकात ती छापली गेली. पुढे त्यांनीच तिला चाल लावली आणि ती स्ट्रेंज फ्रूट, म्हणजे विचित्र फळ, या नावाने ओळखली जाऊ लागली. लिहिताना ते लुईस ॲलन हे नाव वापरीत. जन्मताच मरण पावलेल्या आपल्या दोन मुलांची ती नावे होती. तेव्हा या गाण्यात बिलीचा शोक येण्यापूर्वीच एका बापाचाही शोक होता.

कॅफे सोसायटी

त्या काळी न्यूयॉर्कमध्येही रंगमंचावर काळे कलावंत आणि खुर्च्यांवर गोरे प्रेक्षक अशी रीत होती. खुद्द हार्लेममधील प्रसिद्ध कॉटन क्लबनेही ती पाळली होती. डिसेंबर १९३८ मध्ये बार्नी जोसेफसन या पूर्वी बुटांच्या धंद्यात असलेल्या माणसाने ग्रीनिच व्हिलेज भागातील एका तळघरात कॅफे सोसायटी नावाचे रात्रीचे उपाहारगृह उघडले. तेथे काळे आणि गोरे एकाच दारातून आत येत आणि शेजारशेजारच्या मेजांवर बसत. बिली तेथे गाऊ लागली.

१९३९ च्या आरंभी मीरोपोल ते गाणे घेऊन तेथे आले आणि त्यांनी पियानोवर ते वाजवून दाखविले. बिली फारसे बोलली नाही. कवितेतील एका शब्दाचा अर्थ तेवढा तिने विचारला, असे मीरोपोल यांनी पुढे सांगितले. शाळा अर्धवट सुटलेल्या त्या तरुणीला अर्थ विचारण्याची लाज वाटली नाही आणि मास्तरांना तो सांगण्याचा कंटाळा आला नाही. ते गाणे गावे की नाही, याबद्दल तिच्या मनात प्रारंभी भीती होती. लोक चिडतील, उठून जातील, काम जाईल. पण त्या ओळींत तिला आपला बाप दिसला. क्लॅरेन्सला कोणी झाडाला टांगले नव्हते. दवाखान्याचे दार बंद करणारा हात आणि दोर ओढणारा हात मात्र एकाच द्वेषाचे होते, हे तिने ओळखले. म्हणून तिने ते गाणे उचलले.

हे गाणे कसे सादर व्हावे याचे जोसेफसन यांनी नियम ठरविले. ते कार्यक्रमात सर्वांत शेवटी येई. त्याआधी वाढपी काम थांबवीत. ग्लासांचा आवाज नाही, बिलांचा हिशेब नाही. सगळे दिवे मालवले जात आणि तिच्या चेहऱ्यावर तेवढा एक लहान झोत राही. ती हातवारे न करता, जागेवरून न हलता गाई. शेवटचा स्वर संपताच तोही दिवा विझे. दिवे पुन्हा लागत तेव्हा मंच रिकामा असे. कितीही टाळ्या पडल्या तरी ती परत येऊन वाकून नमस्कार करीत नसे आणि त्यानंतर दुसरे गाणे होत नसे.

असे का? कारण ते करमणुकीचे गाणे नव्हते. नमस्कार केला की प्रेक्षक सुटतो. खेळ संपला, पैसे वसूल झाले, असे त्याला वाटते. येथे त्याला सुटू द्यायचे नव्हते. पहिल्या रात्री गाणे संपल्यावर सारे घर निःशब्द झाले. मग कोणीतरी दबकत टाळी वाजविली आणि एकदम सर्वांनी वाजविल्या, अशी आठवण तिने सांगितली आहे. काही प्रेक्षक उठूनही जात. पण जाणाऱ्यालाही आपण कशापासून पळतो आहोत ते कळत असे.

तबकडी

बिली ज्या कंपनीसाठी गात होती त्या कोलंबिया कंपनीने या गाण्याची तबकडी काढण्यास नकार दिला. दक्षिणेतील दुकानदार रागावतील, अशी धास्ती होती. तेव्हा मिल्ट गेबलर या तबकड्यांच्या दुकानदाराने आपल्या कॉमोडोर या छोट्या कंपनीतर्फे ती काढण्याचे ठरविले. कोलंबियाने तिला त्यापुरती मोकळीक दिली. २० एप्रिल १९३९ रोजी गाणे मुद्रित झाले. त्याच महिन्यात, ९ एप्रिलला, मेरियन अँडरसन या थोर काळ्या गायिकेने वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांच्या स्मारकासमोर उघड्यावर सुमारे ७५,००० लोकांपुढे गायन केले होते, कारण राजधानीतील मोठे सभागृह तिला तिच्या रंगामुळे नाकारण्यात आले होते. एकाच महिन्यात दोन काळ्या स्त्रियांच्या गळ्यांनी अमेरिकेला आरसा दाखविला.

अनेक रेडिओ केंद्रांनी स्ट्रेंज फ्रूट वाजविण्याचे टाळले, तरी तबकडी हातोहात खपली. मीरोपोल यांना पुढे न्यूयॉर्क राज्याच्या एका चौकशी समितीपुढे उभे करण्यात आले आणि हे गाणे लिहिण्यासाठी कम्युनिस्ट पक्षाने पैसे दिले काय, असे विचारण्यात आले. गरिबाच्या बाजूने कोणी बोलला की त्याला कोणी पैसे दिले हे शोधण्याची रीत जुनीच आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बिलीच्या आत्मचरित्रात या गाण्याच्या चालीचे श्रेय तिने स्वतःकडे आणि आपल्या पियानोवादकाकडेही घेतले आहे. ते बरोबर नाही. शब्द आणि चाल मीरोपोल यांची. त्यांना याचे वाईट वाटले. आपल्या आवडत्या माणसांचे चरित्र सांगतानाही ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण हेही खरे, की ती कविता दुसऱ्यांनीही गायिली होती. लोकांच्या काळजात ती गेली ती बिलीच्या कंठातून.

आईशी तिचे फार सख्य होते आणि भांडणेही होत. एकदा पैशावरून दोघींत कडाक्याचे बोलणे झाले आणि त्या सलातून गॉड ब्लेस द चाइल्ड हे गाणे तयार झाले. ज्याचे स्वतःचे असते त्यालाच जग विचारते, असा त्याचा आशय. १९४१ साली ते मुद्रित झाले. १९४५ साली आई गेली आणि बिली अगदी एकटी पडली.

व्यसन, तुरुंग आणि बंदी

या काळात ती मादक द्रव्यांच्या आहारी गेली होती. हेरॉइनने तिचे शरीर पोखरले. तिच्या आयुष्यात आलेल्या काही पुरुषांनी तिला मारले, लुबाडले आणि व्यसनात अधिक लोटले. व्यसनाचे समर्थन करण्याचे काही कारण नाही. त्याने तिचे गाणे, पैसा आणि प्राण तिन्ही खाल्ले. तरुणांनी हे पाहून शहाणे व्हावे. परंतु आजारी माणसाला औषध द्यायचे की बेडी, हा प्रश्न उरतोच.

मे १९४७ मध्ये तिला अटक झाली. एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा होऊन तिला वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ऑल्डरसन येथील तुरुंगात पाठविण्यात आले. १६ मार्च १९४८ रोजी ती सुटली आणि अकराच दिवसांनी, २७ मार्चला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिचा कार्यक्रम झाला. सभागृह खच्चून भरले होते. लोक तिला विसरले नव्हते.

सरकारही विसरले नव्हते. न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा ठिकाणी गाण्यासाठी पोलिसांचा परवाना लागत असे. तिचा परवाना गेला तो परत मिळाला नाही. म्हणजे ज्या लहान जागांत तिने आपली कला घडविली त्या सर्व तिला बंद झाल्या. शिक्षा भोगून झाली तरी पोटावर पाय राहिलाच. ती इतर शहरांत गाई; १९५४ साली युरोपचा दौरा केला. आवाज फाटत चालला होता. तरीही स्ट्रेंज फ्रूट तिने सोडले नाही. ते गाताना दर वेळी बाप आठवतो आणि जीव खालावतो, तरी ज्या गोष्टींनी तो मेला त्या दक्षिणेत अजून चालूच आहेत तोवर आपल्याला ते गायलाच हवे, अशा अर्थाचे तिने आत्मचरित्रात लिहिले. तिचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९५५ मध्ये, मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला हाल करून मारण्यात आले होते. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवून मुलाचा छिन्न चेहरा जगाला दाखविला. आपले दुःख झाकायचे नाही, हा निर्धार त्या आईचा आणि बिलीचा एकच होता.

दुसरा दवाखाना

मार्च १९५९ मध्ये लेस्टर यंग गेला. ३१ मे रोजी बिली कोसळली आणि तिला हार्लेममधील दवाखान्यात दाखल करण्यात आले. यकृत आणि हृदय दोन्ही खराब झाले होते. जूनमध्ये पोलिसांनी तिच्या खोलीत मादक द्रव्य सापडल्याचे सांगून तिला रुग्णशय्येवरच अटक केली. दाराशी पहारा बसला. १७ जुलै १९५९ रोजी तिने प्राण सोडला. वय अवघे ४४. बँकेच्या खात्यात ७० सेंट शिल्लक होते आणि अंगावर ७५० डॉलर बांधून ठेवलेले सापडले. जिच्या तबकड्यांवर कंपन्या श्रीमंत झाल्या, तिची ही शिल्लक. ब्राँक्समधील स्मशानभूमीत तिला मूठमाती देण्यात आली.

बापाला दवाखान्यात वेळेवर खाट मिळाली नव्हती. मुलीला खाट मिळाली, पण पोलिसांसह. बावीस वर्षांत एवढाच फरक पडला होता.

या जीवनापासून काय घ्यावे?

गाण्याने लिंचिंग थांबले काय? एका गाण्याने असे काही थांबत नसते. लिंचिंगविरुद्धचा कायदा अमेरिकेच्या संसदेत सुमारे दोनशे वेळा मांडला गेला आणि दर वेळी बुडविला गेला. अखेर २९ मार्च २०२२ रोजी, एमेट टिलच्या नावाने, तो कायदा झाला. बिलीला जाऊन तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती. ज्यांनी तो झगडा पिढ्यान्‌पिढ्या चालविला, त्या संघटना, वकील, पत्रकार, शिक्षक आणि साधी माणसे यांच्या कष्टाचे ते फळ. परंतु या सर्व वर्षांत कोणालाही असे काही घडलेच नाही म्हणता आले नाही, याला ते गाणे कारण झाले. पोस्टकार्डे विकणाऱ्यांनी ज्या दृश्याचा तमाशा केला, त्याचाच तिने पुरावा केला. १९६५ साली नीना सिमोन या गायिकेने तेच गाणे पुन्हा गायिले. १९९९ साली टाइम या साप्ताहिकाने त्याला शतकाचे गाणे म्हटले.

तरीही एक गोष्ट पाहा. १९८५ साली बाल्टिमोर शहराने बिलीचा पुतळा उभारला. जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराने चौथऱ्यावर लिंचिंगचे दृश्य कोरण्याचे योजिले होते. ते फार जहाल वाटून वगळले गेले आणि पुतळा त्याच्याशिवाय उभा राहिला. २००९ साली ते दृश्य चौथऱ्यावर बसविण्यात आले. गायिका हवी, पण तिने दिलेली साक्ष नको, असे समाजाला फार काळ वाटत राहते.

आपल्याही वस्तीत रात्रीच्या कार्यक्रमात गायक उभा राहतो आणि कधी कधी मारल्या गेलेल्या आपल्या माणसाचे गाणे गातो. त्या वेळी आपण काय करतो? चहा मागवितो, पुढचे गाणे सांगतो, की थोडा वेळ गप्प बसतो? आणि कार्यक्रम संपल्यावर त्या गायकाच्या घरी चूल पेटते की नाही, तो आजारी पडला तर त्याला दवाखान्यात कोण नेते, याची विचारपूस आपण करतो काय? बिलीच्या गाण्याला लोकांनी टाळ्या पुष्कळ दिल्या. तिला गरज होती ती औषधाची, हक्काच्या पैशाची आणि पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसांची. एवढे ध्यानात ठेवून आपण आपल्या गाणाऱ्यांशी वागलो, तर तिचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.